ताण गेला तर अभ्यास होईल का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका 23 वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या एका गावातली. बी.एस्सी. करून दोन वर्षांपूर्वी राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आली. नवी पेठेत कॉट बेसिसवर चौघींत एक खोली. सकाळी सातला अभ्यासिका, रात्री अकराला परत. गेले तीन महिने पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात, एकच पान तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. रात्री दोनपर्यंत झोप नाही, मग हातात मोबाइल. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ध्यानाचं ॲप घेतलं. डोळे मिटले की विचार आणखी वाढायचे, आठवड्यात सोडून दिलं. संध्याकाळी फिरायला जावंसं वाटतं, पण पप्पा सोयाबीन विकून पैसे पाठवतात आणि आपण फिरतोय, या विचाराने पाय निघत नाही. शिकवणीतले सर म्हणतात, ताण घेतल्याशिवाय पोस्ट, म्हणजे सरकारी पद, निघत नाही. तिचा प्रश्न: ताण कमी करायला रोज वेळ काढावा, की परीक्षेपर्यंत असंच रेटावं? आणि ध्यान जमतच नसेल तर दुसरं काय करता येईल?

आधी एक रुक्ष सूचना. धडधड, गार हात, थकवा हे सगळं तू ताणाच्या खात्यावर टाकलंस. तसं असेलही. पण मेसच्या पातळ भाजीवर आणि पाच-सहा कप चहावर दोन वर्षं काढलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता बरीच असते, आणि रक्त कमी असलं तरी हृदय असंच धडधडतं. थायरॉइड बिघडलं तरी तसंच होतं. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. जवळच्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात किंवा ससूनच्या ओपीडीत जा. अर्धा दिवस मोडेल, मोडू दे. जिला लोहाची गोळी हवी आहे तिला मी श्वास मोजायला सांगत बसले तर तो सल्ला काय कामाचा? आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस. त्याने अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं.

आता रेटायचं की वेळ काढायचा याकडे येऊ. हा प्रश्न विचारताना तू एक गोष्ट आधीच धरून चालली आहेस: ताण आहे म्हणून अभ्यास होतोय, तो उतरला की मी ढिली पडेन. तुझे सर तेच सांगतात, आणि ते निम्मं खरं आहे. 1908 साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांपैकी चुकीच्या पेटीत शिरलं की उंदराला विजेचा झटका बसे. पेट्यांमधला फरक ओळखायला सोपा होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केलं, तेव्हा मात्र झटका एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडला. त्यापुढे वाढवला तर शिकणं उलट मंदावलं. उंदरावरून माणसाचं सगळं सांगता येत नाही हे खरंच, पण परीक्षेला बसणारी मुलं हे अनुभवाने ओळखतात. धरणं आणि नद्यांची यादी पाठ करायला थोडी धास्ती चालते. सीसॅटचा, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या आकलन आणि तर्काच्या पेपरचा, उतारा समजून घ्यायला, किंवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून जी उत्तरं स्वतःच्या शब्दांत मांडावी लागतात ती मांडायला, डोक्यात मोकळी जागा लागते. ती काळजीने व्यापलेली असली की पान तीनदा वाचावं लागतं. म्हणजे सरांच्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः तपासून बघ. चार दिवस एक वही जवळ ठेव. दर तासाला एका ओळीत लिही, या तासात खरोखर काय झालं: किती पानं कळून वाचली, किती प्रश्न सोडवले, किती वेळ नुसती पानाकडे बघत होते. वही कुणाला दाखवायची नाही, म्हणजे खोटं लिहायचं कारण उरत नाही. पुढचे चार दिवस संध्याकाळी पाऊण तास बाहेर पड आणि तसंच लिही. मग दोन्ही आकडे शेजारी ठेव. माझा अंदाज असा की अभ्यासिकेतल्या तासांतले निम्मे खुर्चीचे निघतील, अभ्यासाचे नाही.

अभ्यासिकांमध्ये या खुर्चीलाच फार मान आहे. कोण आधी आलं, कोण शेवटी उठलं, जेवायला गेलेल्याची पिशवी खुर्चीवर किती वेळ होती, याचा हिशोब शेजारचे ठेवतात. रात्री अकराला टपरीवर ‘आज किती तास झाले?’ हाच पहिला प्रश्न. लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न कधी येत नाही.

पप्पांच्या पैशांचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते ओझं खरं आहे. पण तू त्याचा अर्थ कसा लावलास बघ: ते कष्ट करतात म्हणून मीही सतत कष्टात दिसलं पाहिजे, मोकळा श्वास घेतला तर ती प्रतारणा. यातून त्यांचा एक रुपयाही वाचत नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी जी मराठीत आणली, तिचा रोख नेमका इथे आहे. पोस्ट मिळावी ही तीव्र इच्छा माणसाला कामाला लावते. ती मिळालीच पाहिजे, नाहीतर मी नालायक आणि घर बुडालं, हा हट्ट माणसाला गोठवतो. इच्छा ठेवून हट्ट सोडता येतो का, हे शांतपणे बसून कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. ‘नाही मिळाली तर नक्की काय काय होईल?’ असा मथळा टाक आणि खाली खरंखुरं लिही. जे लिहिलं जातं ते वाईट असतं, पण रात्री दोनला वाटतं तेवढं नसतं.

ध्यानाबद्दल तू लिहिलंस, ‘माझ्याच्यानं तेही होत नाही.’ घ्या, अभ्यासक्रमात आणखी एक विषय वाढला आणि त्यातही नापास! ॲप आपलं रोज सांगणार, आज तुमचा इतकावा दिवस, काल खंड पडला. तुझ्यासारख्या मुलीला तो आकडा म्हणजे सराव परीक्षांची दुसरी टेस्ट सिरीजच.

डोळे मिटल्यावर विचार येणं हे बिनसल्याचं लक्षण नाही. मन भटकलं, ते लक्षात आलं, न चिडता परत आणलं: सराव म्हणतात तो एवढाच. दावं सोडवून बांधावर गेलेलं वासरू आपण दहादा परत आणतो, त्याला मारत नाही आणि ‘मला गुरं सांभाळता येत नाहीत’ असंही म्हणत नाही. दहा मिनिटांत मन चाळीसदा गेलं आणि तू चाळीसदा ओळखलंस, तर चाळीसदा सराव झाला. तुझ्या त्या आठवड्यात तू जे करत होतीस ते बहुधा बरोबरच होतं, तुला कुणी तसं सांगितलं नाही इतकंच.

आज ज्याला सजगता किंवा माइंडफुलनेस म्हणून ॲपवर विकतात, त्याचा दवाखान्यातला अवतार 1979 साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला, तोही जुनाट दुखण्यांनी वैतागलेल्या रुग्णांसाठी. आठ आठवड्यांचा कार्यक्रम होता. त्यात बसून करायचं ध्यान होतं, तशी हलकी योगासनंही होती आणि अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष नेणंही होतं. मुळं बौद्ध परंपरेतली, म्हणजे आपल्याकडचीच. दुखणं जाईल असं आश्वासन त्यात नव्हतं, दुखण्याशी चाललेली झटापट कमी व्हावी एवढाच हेतू होता. परीक्षा तुझी जाणार नाही. झटापट कमी होऊ शकते.

यावर कुणीतरी तुला इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायला सांगेल. शिबिरं चांगली असतात, पैसे घेत नाहीत, पुण्यातही केंद्र आहे. तरीही माझं मत: आत्ता नको. तीन महिने झोप नाही, धडधड चालू आहे, अशा अवस्थेत दहा दिवस मौन धरून रोज तासन्‌तास डोळे मिटून बसणं काहींना झेपत नाही, आहे ती भीतीच मोठी होते. परीक्षा झाली, तब्येत सावरली, तेव्हा खुशाल जा. सध्या तुझ्यासाठी उघड्या डोळ्यांचे प्रकार बरे.

त्यांना वेगळा वेळ लागत नाही, म्हणून तुझ्या अपराधी वाटण्यालाही तिथे फारसा वाव नाही. खोलीपासून अभ्यासिकेपर्यंत तू रोज चालतेस. कानात बहुधा चालू घडामोडींचं व्याख्यान असतं. ते जाताना बंद ठेव, फोन पिशवीत टाक. पाऊल जमिनीला टेकताना कसं वाटतं तिकडे थोडा वेळ लक्ष दे, मग आवाजांकडे: पीएमटीचा ब्रेक, भंगारवाल्याची हाळी, शटर वर सरकल्याचा खडखडाट, कुठल्यातरी खिडकीतून कुकरची शिट्टी. आवाज चांगला की वाईट हे ठरवायचं नाही, फक्त ऐकायचा. मध्येच ‘राज्यघटनेचं ते प्रकरण राहिलं’ आठवेल. आठवू दे, परत पावलांकडे ये. अभ्यासिकेत पोचशील तेव्हा तू आल्हादित वगैरे झालेली नसशील. पण खुर्चीवर बसण्याआधीच दमलेलीही नसशील.

मेसमध्येही तसंच. पहिले पाच घास मोबाइल उपडा ठेवून खा. पुण्यातल्या मेसचं जेवण लक्ष देऊन खाण्याच्या लायकीचं असतं का, हा वाद मला मान्य आहे. तरी पोळी गरम आहे की गार, वरणात मीठ आहे की नाही, हे कळून खाल्लेलं आणि रील बघत गिळलेलं यांत फरक पडतो, निदान पोट भरल्याचं वेळेवर कळतं. रविवारी कपडे हाताने धुतेस ना? ती अर्ध्या तासाची बादलीही याच कामाची. पाणी गार, साबण बुळबुळीत, पिळताना मनगटाला पीळ. हातांना काम असलं की मन बसवायला सोपं जातं. तुझ्यासारख्या अस्वस्थ मुलींना डोळे मिटून बसण्यापेक्षा मी आधी हेच सुचवते.

श्वासाचं मात्र थोडं नीट सांगते, कारण धडधड सुरू झाल्यावर लगेच हाताशी असतं ते तेवढंच. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघ. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित सावकाश. तुझ्या वयात हा फरक बोटांना जाणवतो. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस श्वास सोडताना हृदयाला जास्त लगाम घालते, म्हणून हे होतं. म्हणजे सोडण्याचा वेळ वाढवला की लगामाचा वेळ वाढतो. मनात चार अंक म्हणत नाकाने आत, सहा अंक म्हणत बाहेर. छाती फुगवून खोल ओढायचा नाही, त्याने उलट चक्कर येते. साधाच श्वास, फक्त सोडायला निवांत. दोन-तीन मिनिटं पुरतात. अभ्यासिकेत कुणाला कळणारही नाही.

एकटी असशील तेव्हा भ्रामरी कर. ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा. आवाज करायचा म्हटलं की श्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही. चौघींच्या खोलीत हसू होईल, म्हणून गच्चीवर जा. हे सगळं जुन्या बायकांचं खूळ आहे असं वाटत असेल तर लोणावळा लांब नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तिथे कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून बघायलाच.

हा श्वास परीक्षेच्या दालनात पहिल्यांदा करायचा नसतो. पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरला शंभर प्रश्न आणि दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. असे तीन श्वास साधारण अर्ध्या मिनिटात होतात. एका प्रश्नाच्या निम्म्या वेळात हात गरम झाला आणि पुढचे चार प्रश्न नीट वाचले गेले तर सौदा वाईट नाही, त्यातून चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पण सवय टेस्ट सिरीजमध्ये लागली पाहिजे: दर पंचवीस प्रश्नांनंतर पेन खाली, तीन श्वास, पेन वर. आणखी एक, तेही आधी घरी करून बघ. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवलेल्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत जास्त गुण मिळवले, आणि फायदा मुख्यतः परीक्षेची धास्ती घेणाऱ्यांनाच झाला. केंद्राबाहेर सगळे शेवटच्या क्षणी नोट्स चाळत असतात तेव्हा तू कट्ट्यावर बसून ‘मला भीती वाटते की’ असं लिहीत असशील. लोक बघतील. बघू देत.

झोपेचं तुझं गणित सगळ्यात जास्त बिघडलेलं आहे आणि तू त्यावर पत्रात दोनच ओळी लिहिल्यास. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोप कापून वाचणं म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने सोडणं. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनी निम्मं उरतं, म्हणजे रात्री नऊच्या कपातला निम्मा अंश दोनला तुझ्या अंगात आहे, आणि तू दोनपर्यंत जागी असतेस. दुपारी चारनंतर चहा बंद कर. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल. टपरीवरच्या गप्पा सोडायच्या नाहीत, हातात लिंबू सरबत घे.

खोलीत चौघी आहात, एकीचा दिवा दोनपर्यंत जळत असणार. चौघी मिळून वेळ ठरवा: साडेअकराला मोठी ट्यूब बंद, नंतर ज्यांना वाचायचं त्यांनी टेबल लॅम्प लावावा. हे बोलायला संकोच वाटतो खरा, पण बहुतेक वेळा बाकीच्या तिघीही कुणीतरी बोलायची वाटच बघत असतात. तोपर्यंत डोळ्यांवर ओढणी. मोबाइल चार्जिंगला खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाव, गजराला साधं घड्याळ घे. कॉटवर पडलीस की पायाच्या बोटांपासून सुरुवात कर. बोटं आवळ, पाच अंक मोज, सोड. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत बसवली. आवळून सोडल्याशिवाय आपण दिवसभर खांदे कानांपर्यंत नेऊन बसलो होतो हे कळत नाही. तरीही अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर कॉटवर तळमळत राहू नकोस. उठून बस, मंद उजेडात एखादं अभ्यासाबाहेरचं पुस्तक वाच, जांभई आली की परत आडवी हो.

आणि फिरणं. नवी पेठेतून सारसबाग चालत गाठता येते, पर्वतीही. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून वर गेलीस की धडधडीला एक सरळ कारण मिळतं, आणि बसल्यावर ती आपोआप उतरते. ताणाच्या धडधडीला घाबरणाऱ्या माणसाने हे स्वतःच्या अंगावर बघावं, हृदय जोरात पळतं आणि काही न करता शांतही होतं. रविवारी तळजाई किंवा हनुमान टेकडी. टेकडीवर एकटी जाऊ नकोस, दोघी-तिघी जा आणि अंधाराआधी खाली ये. वेळ नसेल त्या दिवशी मुठेवरच्या पुलावर दहा मिनिटं. झेड ब्रिजवर संध्याकाळी जोडप्यांमधून वाट काढावी लागते, तो मनोरंजनाचा भाग धर.

आता एक गोष्ट, जी असल्या सल्ल्यांमध्ये सहसा गाळली जाते. तुझा सगळा ताण तुझ्या डोक्यात तयार झालेला नाही. अर्ज लाखांत येतात, राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत असतात. जाहिरात कधी येईल, तारीख टिकेल का, निकाल कोर्टात अडकेल का, हे तुझ्या हातात नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तुझ्याच परिसरात, शास्त्री रोडवर, मुलं रात्रभर रस्त्यावर बसली होती. 25 तारखेच्या पूर्व परीक्षेच्या दिवशीच बँकिंगची परीक्षा होती आणि कृषी विभागाची पदं या जाहिरातीत घ्या अशीही मागणी होती. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. त्या मुलांना कुणी ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता. जिथे व्यवस्था चुकते तिथे राग येणं निरोगी आहे. श्वास, चालणं, झोप हे सगळं तुला उभं ठेवण्यासाठी आहे, सगळं निमूट सोसण्यासाठी नाही.

म्हणूनच मला वाटतं, तुझ्या ताणावरचा सगळ्यात मोठा उतारा श्वासात नाही, मर्यादा ठरवण्यात आहे. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्याच्या जोडीला काय? गट ब आणि गट क च्या परीक्षा देणार का? बी.एस्सी. आहेस, मग बी.एड. किंवा एम.एस्सी. होऊ शकते का? दुसरा रस्ता ठरवला की पहिल्यावरचं लक्ष उडतं, असं शिकवण्यांमध्ये ठासून सांगतात. मी याच्या उलट बरंच पाहिलं आहे. पडलं तर कुठे पडू हे माहीत असलेला माणूस पेपर सोडवताना कमी थरथरतो. काही दिवस गावी जाऊन येणं हाही एक पर्याय आहे. तिथे नातेवाईक ‘काय झालं गं निकालाचं?’ विचारणार, ते मनात धरून जा, पण आईच्या हातचं खाऊन आठ रात्री झोपलीस तर इथल्या महिनाभराच्या रेटण्यापेक्षा जास्त काम होईल.

मर्यादा ठरवताना पप्पांना विचार. ते काय म्हणतील हे तू मनातल्या मनात ठरवून टाकलंस, त्यांना मात्र विचारलेलं दिसत नाही. मुलगी संध्याकाळी तासभर फिरून आली तर पैसे वाया गेले, असं म्हणणारा बाप असू शकतो. पण तुझ्या पत्रातल्या पप्पांनी असं कुठेच म्हटलेलं नाही, म्हणते आहेस ती तूच.

यातलं सगळं एकदम सुरू करू नकोस. करशील तर त्याचंही वेळापत्रक बनवशील, रंगीत पेनाने. या आठवड्यात रक्ततपासणी, चारनंतर चहा बंद, जाताना फोन पिशवीत. बाकीचं जमेल तसं. हे पत्र वाचणाऱ्या अभियांत्रिकीच्या, सीएच्या, नर्सिंगच्या मुलामुलींनीही आपापल्या दिवसातल्या अशा दोन-तीनच जागा निवडाव्यात. सबमिशनच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नये, आधीपासून असलेलं टिकवावं.

आणि हे करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप आली नाही, जेवण जाईना, कशातच रस वाटेना, किंवा आपण नसलो तर बरं असा विचार एकदाही मनात आला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ससूनमध्ये तो विभागही आहे. शेवटचा विचार आलाच तर मात्र आठवडे मोजत बसू नकोस. त्याच रात्री खोलीतल्या एकीला उठव आणि 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लाव. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर आधी कागदावर चार ओळी लिहून घे: झोप किती दिवस नाही, जेवण कसं आहे, धडधड कधी होते, कोणते विचार येतात.